हातचा

वहीच्या मधोमध रेघ ओढली,
पट्टी नव्हती, म्हणून सुरीच्या पाठीने.
डावीकडे फेस्तोचं वाण: चार पाकिटं,
बियांना निळा रंग लावलेला, पाकिटात मोजून हजार दाणे.
उजवीकडे माझं:
राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापलेलं.
ते कधी कुणी मोजलंच नाही.

शेत एकच, इलुलाच्या उताराला पाऊण एकर,
मधून पाण्याचा पाट.
दीर म्हणाला, वहिनी, या वर्षी आकड्यांत बोलू.
बोलू, म्हटलं.

डावीकडे लिहिलं:
बियाणं, एक लाख चाळीस हजार शिलिंग.
(इथे पेन अडखळलं. शाई संपली नव्हती.)
खत. फवारणी अकरा वेळा. खांब, सुतळी,
झाडं बांधणाऱ्या मुलींची मजुरी, त्यांचा चहा.
उजवीकडे लिहिलं:
फवारणी चार वेळा.
चहा.
माझी झाडं जमिनीवरच लोळतात,
त्यांना कुणी उभं राहा म्हटलेलं नाही.

ऑगस्टात तोडा सुरू झाला.
डावीकडची खोकी चढत गेली,
तीस, एकोणसत्तर, एकशे बावीस,
शेवटी दोनशे सहा.
फळं एका साच्यातली, टणक,
पडली तरी आवाज करणारी.
उजवीकडे एक्याण्णव.
त्यातही एक चपटं, एक फुगीर,
एक देठापाशी हसल्यासारखं चिरलेलं.
फेस्तो काही बोलला नाही.
न बोलणं त्याला फार छान जमतं.

पहिल्या आठवड्यात खोक्याला बावीस हजार,
मग सगळा डोंगरच एकदम पिकला
आणि भाव सहावर आला.
त्यात आमचा ट्रक कितोंगाच्या घाटात
दोन दिवस उभा. अॅक्सल.
ड्रायव्हर फोनवर म्हणाला, खालून रस गळतोय,
रस्ता लाल झालाय, माश्या बसल्यात.
कुठली खोकी, मी विचारलं.
विचारायला नको होतं.

बेरीज तीनदा केली.
खर्च वजा जाता डावी बाजू
माझ्या दुपटीहून जास्त.
तसंच लिहून ठेवलंय, खाडाखोड न करता.
त्या पैशांतून गोठ्यावर पत्रे आले,
अनिसियाची फी वेळेवर गेली.
चवीचं म्हणाल तर
घरात कचुंबरी होते ती माझ्याच टोमॅटोंची,
फेस्तोसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतो.
पण चवीचं खोकं भरत नाही,
आणि ट्रकवाला ते चढवतही नाही.

पुढच्या हंगामाला पाकीट महागलं.
फेस्तोने गुपचूप आपल्याच फळांचं बी धरलं,
न्हाणीमागे वाफा केला.
रोपं वर आली आणि
घरातलं भांडण चव्हाट्यावर यावं तसं झालं:
एक उंच, एक बुटकं,
एकाची पानं बटाट्यासारखी,
एकाला फळ लागलं ते बोराएवढं.
कुणी कुणाचं नाही, आणि सगळी एकाच आईची.
तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून होता.

संध्याकाळी माझ्या भिंतीपाशी आला,
राखेची वडी नखाने खरवडत म्हणाला,
थोडं मिळेल?
मी तोडून दिलं. तळहातभर.

आता हे कुठे लिहू?
शाळेत सिस्टर बेरीज शिकवायच्या तेव्हा सांगायच्या,
हातचा उत्तरात मांडायचा नसतो,
पण विसरलात तर अख्खं उत्तर चुकतं.
मी रेघेवर पेन टेकवलं,
एक ठिपका पडला, तेवढाच.

पाकीट तो पुन्हा घेणारच आहे, दोन तरी.
घे, म्हटलंय मी. पत्र्यांचे निम्मे पैसे अजून द्यायचेत.

चुलीमागे भिंतीवर
हाताच्या पंजाएवढी जागा उजळ दिसते.
तिथे राख नाही.